इमारत नंतर, आधी रात्रीचा फोन उचलणाऱ्या माणसाचा पगार

तुमचा प्रश्न थोडक्यात असा की तालुक्याच्या गावात तुमचा बारा-पंधरा जणांचा गट आहे, जातीबाहेर किंवा धर्माबाहेर लग्न करणाऱ्या पोरापोरींना धमक्या येतात, मारहाण होते, एकदा तर जिवावर बेतलं, म्हणून त्यांच्यासाठी सुरक्षित निवारा काढायचाय. एक ट्रस्ट पंचवीस लाखांची इमारत बांधून द्यायला तयार आहे, तर ती घ्यावी का आणि पुढे चालवायला पैसा कुठून आणायचा. मी पश्चिम महाराष्ट्रात अठरा वर्षं हे काम करतेय, त्यातली अकरा वर्षं प्रत्यक्ष निवारा चालवण्यात गेली, त्यामुळे खाली जे लिहितेय ते बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

इमारत आत्ता घेऊ नका. देणाऱ्यांच्या मनात चांगलंच आहे, मला शंका नाही, पण इमारत म्हटली की भूमिपूजन आलं, कोनशिला आली, उद्घाटनाला कोणीतरी पाहुणे आले आणि दुसऱ्या दिवशी पेपरला फोटो, म्हणजे ज्या माणसांपासून लपायचं त्यांना पत्ता घरपोच. शिवाय इमारत हलवता येत नाही. आम्ही अकरा वर्षांत चार घरं बदललीत, त्यातलं एक तर अक्षरशः एका रात्रीत, टेम्पोत गाद्या टाकून. स्वतःची वास्तू असती तर ती सोडून जायला जीव झाला नसता आणि तिथंच आम्ही अडकलो असतो.

आता आकडे बघा, कारण पैशाचा प्रश्न विचारलाय तर पैशातच बोलू. एका वेळी दोन जोडपी राहतील असं घर, तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावात, आमच्याकडचा महिन्याचा हिशेब साधारण असा बसतो: भाडं ९,०००, लाईट-पाणी-गॅस ३,०००, किराणा-भाजी-दूध १०,०००, मुक्कामी राहणाऱ्या ताईंचा पगार १४,०००, पूर्ण वेळ समन्वयकाचा २०,०००, प्रवास ७,०००, वकील-नोटरी-झेरॉक्स ५,०००, दवाखाना ३,००० आणि फोन-रिचार्ज १,०००. झाले ७२,०००. तुमच्या भागात भाडं कमी असेल, प्रवास जास्त असेल, पण आकडा याच्या आसपासच राहील. म्हणजे त्या पंचवीस लाखांत हाच निवारा जवळजवळ तीन वर्षं चालतो. ट्रस्टच्या लोकांसमोर हा कागद ठेवा आणि स्पष्ट विचारा की भिंतींऐवजी तीन वर्षांचा चालवण्याचा खर्च द्याल का. बहुतेक जण नाही म्हणतात, पगाराला पैसे द्यायचे म्हटलं की लोकांना ते वाया गेल्यासारखे वाटतात, पण विचारायला हवं, आम्हाला अशा विचारण्यातूनच एकदा दीड वर्षाचा समन्वयकाचा पगार मिळालाय.

कारण या कामात निवारा म्हणजे माणूस. रात्री दीडला फोन येतो, पोरगी एसटी स्टँडच्या संडासातून कुजबुजत बोलत असते, मागे तिचा भाऊ मोटारसायकलवर फिरतोय. तो फोन कोणीतरी उचलावा लागतो, पोलीस ठाण्याला कळवावं लागतं, गाडी काढून जावं लागतं. आमच्याकडे आलेली एक मुलगी मला अजून डोळ्यासमोर दिसते, अंगावर घरातला गाऊन, पायात दोन वेगवेगळ्या चपला, एक तिची आणि एक आईची, अंधारात हाताला लागल्या त्या घालून निघालेली. मुलाकडे एक दप्तर, त्यात कॉलेजची फाईल आणि दोघांची आधार कार्डं. अशा वेळी आधी जेवण लागत नाही, तर आतले कपडे, पॅड, चार्जर आणि साधा टॉवेल लागतो. म्हणून आम्ही एक रात्रीची पिशवी तयार ठेवतो, त्यात हे सगळं आणि पाच हजार रोख. रात्रीच्या पेट्रोलचं बिल मागत बसायची वेळ कार्यकर्त्यावर येऊ देऊ नका. हे सगळं स्वयंसेवकांवर चालेल असं सुरुवातीला आम्हालाही वाटलं होतं, वर्षभर चाललं पण, मग एकाची नोकरी बदलली, एकीला बाळ झालं, एकाच्या घरच्यांनी बाहेर पडायचं नाही म्हणून बंदी केली आणि एक फोन रात्रभर वाजत राहिला. त्या जोडप्याचं सुदैवाने बरं झालं, पण ती गोष्ट आठवली की आजही झोप उडते. तेव्हापासून नियम आहे की रात्रीचा फोन पगारी माणसाकडेच.

काही जण म्हणतील हा घरगुती मामला आहे, याला द्वेषाचा गुन्हा का म्हणायचं. सोनईत १ जानेवारी २०१३ ला तीन दलित तरुण मारले गेले, २०१४ च्या एप्रिलमध्ये खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित मुलाचा खून झाला, नाशिकला २०१३ मध्येच जातीबाहेर लग्न केलेली गरोदर मुलगी बापाच्या हातून गेली. यात जातीचा राग सोडून दुसरं काय आहे? हिंदू-मुस्लिम जोडपं असलं की घरच्यांबरोबर बाहेरच्या टोळ्याही उतरतात, ज्यांचा त्या कुटुंबाशी काही संबंध नसतो. आपल्याकडे द्वेषगुन्हा म्हणून वेगळा कायदा नाही, पण म्हणून गुन्ह्याचं कारण बदलत नाही, आणि निधी मागताना हे नीट मांडा, नाहीतर लोक याला पळून जाणाऱ्या पोरांची सोय समजतात.

आता मुक्काम किती दिवसांचा, यावर पैशाचं गणित ठरतं आणि इथे नवीन गट हमखास चुकतात. जोडपं आंतरजातीय असेल, दोघं हिंदू किंवा एक हिंदू आणि एक बौद्ध असं, तर लग्न लगेच लावून नोंदणी करता येते, आठ-दहा दिवसांत कागदपत्रं, पोलिसांत जबाब हे सगळं होतं आणि बऱ्याचदा ते दुसऱ्या शहरात कामाला लागतात. पण आंतरधर्मीय असेल आणि कोणी धर्म बदलायचा नसेल तर विशेष विवाह कायदा, आणि त्यात ३० दिवसांची नोटीस. बरं, नोटीस द्यायलाही दोघांपैकी एक जण त्या जिल्ह्यात आधी ३० दिवस राहिलेला पाहिजे. म्हणजे दुसऱ्या जिल्ह्यातून पळून आलेल्या जोडप्याला लग्न लागेपर्यंतच दोन महिने, आणि त्यातला एक महिना त्यांची नावं आणि पत्ते कार्यालयाच्या बोर्डावर लागलेले असतात, कोणीही येऊन मोबाईलवर फोटो काढून ग्रुपवर फिरवतो. सगळ्यात धोक्याचा काळ हाच. तेव्हा बजेट करताना सरसकट पंधरा दिवस धरू नका, एक आंतरधर्मीय जोडपं म्हणजे सत्तर-ऐंशी दिवसांचा खर्च असं धरा आणि तेवढे पैसे हातात नसतील तर त्यांना घेऊ नका, दुसऱ्या जिल्ह्यातल्या गटाकडे सुखरूप पोचवा. मध्येच बाहेर काढणं हे न घेण्यापेक्षा वाईट.

सरकारकडून काय मिळेल? कागदावर भरपूर. शक्तिवाहिनी खटल्यात सुप्रीम कोर्टाने २७ मार्च २०१८ ला स्पष्ट सांगितलंय की जिल्ह्याच्या ठिकाणी अशा जोडप्यांसाठी सुरक्षागृह करण्याचा राज्य सरकारांनी विचार करावा, ते जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षकांच्या देखरेखीखाली असावं, नाममात्र शुल्कात आधी एक महिना आणि मग महिन्या-महिन्याने वाढवत जास्तीत जास्त एक वर्ष राहता यावं, आणि लग्न न झालेल्या जोडप्यालाही. जिल्ह्यात अशा जोडप्यांच्या तक्रारींसाठी विशेष कक्ष असावा, चोवीस तास हेल्पलाईन असावी, हेही त्यातच आहे. हरयाणा-पंजाबात त्याच्याही आधीपासून अशी घरं आहेत. आपल्या राज्याच्या गृह विभागाने २०२४ च्या डिसेंबरात विशेष कक्ष आणि सुरक्षागृहांबाबत सूचना काढल्या, आणि साताऱ्यात अंनिसच्या (अंधश्रद्धा निर्मूलन समितीच्या) कार्यकर्त्यांनी पुढाकार घेऊन निवारा सुरू केला. म्हणजे तुम्ही नवीन काही मागत नाही आहात, हे डोक्यात पक्कं ठेवून एसपी ऑफिसात जा. आम्ही करतो ते असं: आधी साधं पत्र, पोच घेऊन. मग माहिती अधिकाराचा अर्ज, दहा रुपयांचा स्टॅम्प लावून, की कक्ष कोणत्या तारखेला स्थापन झाला, किती बैठका झाल्या, किती खर्च झाला. पत्ता विचारायचा नाही, अर्जाचं उत्तर कोणाच्याही हातात पडतं. मग जिल्हाधिकाऱ्यांकडे पोलीस लाईनीतली एखादी रिकामी क्वार्टर किंवा समाजकल्याणच्या वसतिगृहातली बाजूची खोली मागायची. एका ठिकाणी आम्हाला अशी क्वार्टर मिळाली, गळकी होती, पण गेटवर पहारा होता आणि भाड्याचे ९,००० वाचले. सरकारकडून जागा आणि पहारा मागा, पगार आणि किराणा त्यांच्या भरवशावर ठेवू नका, एक मार्चएण्ड लांबला की ताईंच्या घरची चूल बंद होते.

एक अडचण नीट समजून घ्या. सखी वन स्टॉप सेंटर, म्हणजे हिंसा झालेल्या बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र, जवळपास प्रत्येक जिल्ह्यात आहे, पण तिथे फक्त बाईला राहता येतं, तेही साधारण पाच दिवस. शक्ती सदन हे सरकारी निवारागृह पण बायकांसाठीच. मुलीला तिथे ठेवलं की मुलगा रस्त्यावर, आणि मुलगा दलित असेल तर जिवाला सगळ्यात जास्त धोका त्यालाच असतो. कंपन्यांच्या सीएसआरची, म्हणजे सामाजिक कामासाठीच्या निधीचीही तीच गत, कायद्याच्या यादीत महिलांसाठी घरं आणि वसतिगृहं आहेत, जोडप्यांसाठी असा शब्द नाही, त्यामुळे कंपनीचा माणूस फाईल बघतो आणि म्हणतो मॅडम यात पुरुष का आहेत. आम्ही एकदा मुलींच्या राहण्या-जेवणाचा भाग वेगळा काढून त्यापुरते पैसे घेतले, हिशेबही वेगळा ठेवला, असं प्रामाणिकपणे करता येतं. पण खोटं नाव देऊन पैसे आणू नका, ऑडिटमध्ये एकदा शंका आली की सगळ्या कामावर डाग. परदेशी निधीचा तर नादच नको, त्या परवानगीचा व्याप आणि त्यावरून होणारे आरोप दोन्ही छोट्या गटाला झेपत नाहीत. ट्रान्स व्यक्ती आली तर केंद्राची गरिमा गृह योजना आहे, तिथे आधी फोन करा.

दोन सरकारी पैसे मात्र हक्काचे आहेत आणि लोक ते मागतच नाहीत. हल्ला झालेली व्यक्ती अनुसूचित जाती-जमातीतली असेल आणि ॲट्रॉसिटीचा गुन्हा नोंदला असेल तर १९९५ च्या नियमांप्रमाणे अर्थसहाय्य तर आहेच, पण पीडिताला, सोबत जाणाऱ्याला आणि साक्षीदाराला तपासासाठी-कोर्टासाठी प्रवासभत्ता आणि निर्वाहखर्चही आहे. तारखेला गेलं की तिकीट जपून ठेवा आणि अर्ज लावा. खर्ड्याच्या खटल्यात साक्षीदार फितूर झाले आणि २०१७ ला आरोपी निर्दोष सुटले, त्यामुळे साक्षीदाराला पण गावाबाहेर दोन रात्री राहायला लागलं तर तो खर्च निवाऱ्याच्या कामातच धरा. दुसरा पैसा म्हणजे समाजकल्याणकडून आंतरजातीय विवाहाला मिळणारे ५०,०००. ते हिंदू-मुस्लिमसारख्या आंतरधर्मीयांना मिळत नाहीत, सगळ्या आंतरजातीयांनाही नाहीत, आणि हातात पडायला वेळ लागतो. हे पैसे त्या जोडप्याचे. त्यातून निवाऱ्याचा खर्च वळता करून घ्यायचा मोह होतो, आमच्या बैठकीत पण एकदा विषय निघाला होता, मी ठाम नाही म्हटलं. घर सोडून आलेल्या पोरांचा तो पहिला डिपॉझिटचा पैसा असतो.

मग पगार आणि किराणा कशातून? लोकांकडून, दर महिन्याला, थोडे थोडे. २४० माणसं, प्रत्येकी ३०० रुपये, झाले ७२,०००. दिवसाला दहा रुपये. कर्मवीर भाऊरावांनी साताऱ्यात वसतिगृहं चालवली ती मुष्टिधान्यावर, घरची बाई स्वयंपाकाला धान्य काढताना एक मूठ बाजूला ठेवायची आणि बोर्डिंगची पोरं ती गोळा करून आणायची. देणगीदार मोठा असला की त्याचा मूड सांभाळावा लागतो, मूठ देणारी दोनशे घरं असली की चार घरं गेली तरी चूल चालते. आणि दुसरा फायदा असा की ती २४० माणसं तुमची होतात, त्यातला कोणी तहसीलमध्ये असतो, कोणी मेडिकल दुकानवाला, कोणी रिक्षावाला. आमच्या यादीत निवृत्त शिक्षक सगळ्यात जास्त आहेत, मग बँकेतल्या बायका. सुरुवातीला पन्नास नावं जमवायला आम्हाला सात महिने लागले. एकेकाच्या घरी जाऊन, चहा पिऊन, समजावून. नुसत्या मेसेजवर एकही आलं नाही. यूपीआयचा ऑटोपे लावून घ्या, दर महिन्याला आठवण करून देण्यात कार्यकर्ता थकतो आणि देणाराही.

या लोकांना काय सांगायचं? पैसा कशाला लागतो ते सगळं. पत्ता अजिबात नाही. जोतिरावांनी १८६३ मध्ये पुण्यात विधवांसाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढलं तेव्हाही गुप्तता हाच त्या सोयीचा प्राण होता, बाई कोण, कुठली, हे बाहेर जाणार नाही या भरवशावरच बायका येत होत्या. आपला काळ मोबाईलचा आहे म्हणून हे जास्तच अवघड झालंय. एका निधी देणाऱ्या संस्थेने आम्हाला दर महिन्याला लाभार्थ्यांचे जिओ-टॅग केलेले फोटो मागितले, म्हणजे चेहरा, तारीख आणि जागेचे अक्षांश-रेखांश एकाच चित्रात. मी म्हटलं रिकाम्या खोलीचा फोटो देते, तोही टॅगशिवाय, आणि तुमचा एक माणूस डोळ्याने बघून जाऊ दे. त्यांना जमलं नाही, सहा लाख गेले, पुढचे चार महिने ताईंचा पगार आम्ही तिघांनी खिशातून भरला. तरी आज परत तसंच करेन. कारण त्याआधी आमच्याच एका पोराच्या हातून चूक झाली होती. निवाऱ्यात एका मुलीचा वाढदिवस, छोटा केक, त्याने स्टेटसला फक्त केकचा फोटो टाकला, चेहरा कोणाचा नाही. पण मागे खिडकी, खिडकीतून समोरच्या मंगल कार्यालयाची कमान आणि त्यावरची अर्धी अक्षरं. दोन दिवसांनी मुलीचा मामा गल्लीच्या तोंडाशी उभा. ती एका रात्रीत घर बदलल्याची गोष्ट वर सांगितली ना, ती हीच.

म्हणून करार करतानाच लिहून घ्या की फोटो नाहीत, नावं नाहीत, अचानक भेट नाही. बदल्यात हिशेब इतका स्वच्छ ठेवा की कोणी बोट दाखवू नये. पावती प्रत्येकाला, ३०० असले तरी. देणगीदाराचं नाव-पॅन आपल्या वहीत पाहिजेच, निनावी देणगी घेतली तर टॅक्सचा त्रास वेगळा, आणि रोखीत २,००० च्या वर घेतलं तर देणाऱ्याला देणगीवरची करसवलत मिळत नाही. व्हाउचरवर जोडप्याचं नाव न लिहिता निवासी क्रमांक लिहा, खऱ्या नावांची यादी एकाच वहीत, कुलपात, आणि सीएने ती समोर बसून बघायची, झेरॉक्स न्यायची नाही. किराणा बिलावर घरपोचचा पत्ता छापून येतो हे आमच्या लक्षात फार उशिरा आलं, आता सामान समन्वयकाच्या घरी उतरतं आणि तिथून पिशवीतून जातं. सीए असा शोधा की ज्याला हे सांगितल्यावर तो वैतागणार नाही.

आणि ताईंचं लिहायचं राहिलं. मुक्कामी राहणारी बाई हे या सगळ्याचं मूळ आहे, ती रडणाऱ्या पोरीजवळ रात्री बसते, तिनेच भांडणं सोडवायची, तिनेच दार उघडायचं की नाही ठरवायचं. तिला महिन्यातून चार दिवस पूर्ण सुट्टी, बदली बाईचा खर्च, आणि तिच्या स्वतःच्या मुलांच्या फीची सोय बजेटमध्ये धरा. आम्ही पहिल्या ताईंना सलग चौदा महिने सुट्टीच दिली नाही, त्यांनी मागितली नाही म्हणून. एक दिवस त्या उठल्याच नाहीत अंथरुणातून, ताप नाही काही नाही, नुसत्या भिंतीकडे बघत पडून. तो दोष आमचा होता.

तेव्हा आत्ता एवढंच करा. ट्रस्टला आभाराचं पत्र पाठवून वर लिहिलेला प्रस्ताव ठेवा. एसपी ऑफिसला पत्र द्या. पहिली साठ-सत्तर नावं जमवा आणि तीन महिन्यांचे, म्हणजे २,१६,००० रुपये बँकेत पडल्याशिवाय एकाही जोडप्याला मुक्कामाला घेऊ नका, तोवर कोणी आलं तर मला किंवा साताऱ्याच्या लोकांना फोन करा. आणि तुमच्यातला रात्रीचा फोन कोण घेणार, त्याचा पगार किती, हे पुढच्या बैठकीत ठरवा. ते ठरलं की मला कळवा, आमचे बजेटचे आणि करारनाम्याचे मराठीतले नमुने आहेत, पेनड्राईव्हवर हातोहात देते, व्हॉट्सॲपवर पाठवणार नाही.